मागून चेन

नवेगाव बांधच्या आठवडी बाजारात ती परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग लावून बसायची. स्वतः लुगड्यावर मर्दानी कोट घालायची, बटणं पार गळ्यापर्यंत लावून.

थंडीत एकदा मी ढिगातून एक झगा उचलला. लेबल पॅरिसचं होतं.

"मिलानचा माल भडक राहते, पॅरिसचा नाजूक," ती म्हणाली. "पण पॅरिसवाल्याईची चेन मागून राहते. लंडनचा कोट समोरून लागते. चेन लावून द्याले घरी कोनी आहे का तुमच्या?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं झगा माझ्या हातातून काढून घेतला. "मंग लंडनचाच घ्या. मी बी तोच घालून राहिली."

घरी येऊन मी कोट घातला. सगळी बटणं माझी मला लावता आली.