माझं अपेंडिक्स काढायला नकार देणारा डॉक्टर

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने पोटावर थंडगार जेल लावून मशीन फिरवलं. उजवीकडे खाली येऊन तो थांबला आणि म्हणाला, "बाबा, दुखायला लागून किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "आजच."

बायको कोपऱ्यात उभी होती. "खोटं बोलतो. तीन दिवस झाले."

डॉक्टरने मशीन बाजूला ठेवलं. "अपेंडिक्स आहे. परफोरेटेड वाटतंय."

परफोरेटेड म्हणजे फुटलेलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी शेपटी असते, ते अपेंडिक्स. ती सुजते, वेळेत काढली नाही तर फुटते आणि घाण पोटात पसरते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त 'फुटलेलं' एवढंच कानात गेलं.

मी वेसाव्याचा कोळी. चौथी शिकलो आणि होडीवर गेलो. चाळीस वर्षं तांडेल होतो, म्हणजे होडी माझ्या हुकमावर चालायची. वादळात सापडलो तेव्हाही घाबरलो नव्हतो, कारण सुकाण माझ्या हातात होतं. त्या टेबलावर हातात काहीच नव्हतं.

तीन दिवस मी दुखणं लपवलं, ती माझीच चूक. पहिल्या दिवशी बेंबीभोवती दुखलं. गॅस समजून सोडा प्यायलो. दुसऱ्या दिवशी कळ उजवीकडे सरकली, ताप आला, जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची होडी पाण्यात जायची होती. नारळी पुनवेनंतर होडी पहिल्यांदा लोटतात, तेव्हा घरातला जुना तांडेल पूजा करतो आणि खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत सुकाण तोच धरतो. आजारी माणसाने हात लावला तर वर्ष खराब जातं, असं आमच्यात मानतात. आता होडी माझा मुलगा राजेश चालवतो, मी किनाऱ्यावर जाळी शिवतो. पण तो मान माझा. तो मी सोडणार नव्हतो.

सुकाण धरलं आणि थोड्या वेळात पोटातली कळ एकदम थांबली. मला वाटलं, देवीने ऐकलं. खरं तर अपेंडिक्स तेव्हाच फुटलं असणार, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. कुणाची अशी पोटदुखी अचानक थांबली तर खूश होऊ नका. दुपारपर्यंत मला थंडी भरली, पोट लाकडासारखं कडक झालं आणि उभं राहवेना, तेव्हा राजेशने होडी परत किनाऱ्याला आणली.

सोनोग्राफीचा कागद घेऊन आम्ही आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. त्याचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. त्याच्या बापाकडेही आम्ही जायचो. तिथे मी शिरलो की कंपाउंडर उठून खुर्ची देतो. मी आधीच ठरवलं होतं की ऑपरेशन झालं तर तिथेच. मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात माझा धाकटा भाऊ गेला होता, तो परत आला नाही. तिथे माणसाला नाव नसतं, खाटेचा नंबर असतो.

डॉक्टरने कागद वाचला, पोट दाबून बघितलं. "तांडेल, हे माझ्याकडे नको. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा."

"का? तुला येत नाही?"

"येतं. पण वर्षाला चार-पाच करतो, तीही तरण्या पोरांची, साधी. तुमचं वय, तुमची शुगर, त्यात हे फुटलेलं. भूल देणारा मला बाहेरून बोलवावा लागतो. ऑपरेशननंतर पोट बिघडलं तर इथे आयसीयू नाही. ते लोक रोज हेच करतात."

मी खाट धरून बसलो. म्हटलं, मरायचं तर इथेच मरेन.

बायको म्हणाली, "मर की. पण मी रडणार नाय, आधीच सांगते."

राजेश पुढे आला. तो म्हणाला, "बाबा, वर्षातून एकदा होडीवर येणाऱ्याला तू खाडीच्या तोंडाशी सुकाण देशील काय?"

मी उठलो. आता वर्षातून एकदाच सुकाण धरणारा मीही, म्हणून तो टोमणा त्याने मलाच मारला होता का, ते अजून मला कळलेलं नाही. विचारलंही नाही.

हॉस्पिटलात केसपेपर, रक्त, एक्स-रे, पुन्हा रक्त. मी स्ट्रेचरवर, बाजूने लोकांचे पाय जातायत. तोंड कोरडं पडलेलं, पाण्याचा थेंब देत नव्हते. भावाला असंच आत नेलं होतं, तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मग नातीच्या वयाची एक डॉक्टरीण आली. म्हणाली, पेरिटोनायटिस झालाय. म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला पू लागलाय. दुर्बिणीतून करू, नाही जमलं तर पोट उघडू.

मी विचारलं, "पोरी, तू किती केल्यास अशा?"

ती हसली. "आजोबा, आजच्या सांगू की आठवड्याच्या? आज सकाळपासून तुम्ही तिसरे."

मी सही केली. आत भयंकर गारठा होता. डोक्यावर मोठे दिवे. मी घाबरून कुणाचा तरी हात धरला. कुणाचा ते माहीत नाही, पण त्याने सोडवून घेतला नाही.

शुद्धीवर आलो तर पोटातून नळी बाहेर काढलेली. तिला ड्रेन म्हणतात, आतली घाण तिच्यातून निघते. दोन दिवस जो येईल तो एकच विचारी, "आजोबा, वारा सरला का?" म्हणजे आतडी चालू झाली की नाही ते कळतं. अख्ख्या वॉर्डासमोर तांडेलाला हे विचारतात! बायको तोंडाला पदर लावून हसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोट फुगलं, पुन्हा दुखायला लागलं. मी बोललो नाही. वाटलं, पुन्हा कापतील. राउंडला डॉक्टरांना म्हटलं, झकास आहे.

ते गेल्यावर सिस्टर ड्रेनची पिशवी बदलायला आली. तिने पिशवीचा रंग बघितला, नाडी धरली, पोटावर हात ठेवला. "दुखतंय ना?"

"नाही."

"आजोबा, रोज वीस पोटं बघते मी. मला शिकवू नका." आणि ती पळतच डॉक्टरांना बोलवायला गेली.

तासाभरात सीटी स्कॅन झाला. आत पू पुन्हा साठला होता, त्याला ऍबसेस म्हणतात. सोनोग्राफीवर बघत सुई घालून तो काढला, दुसरं ऑपरेशन टळलं. डॉक्टरीण म्हणाली, दुपारपर्यंत थांबलो असतो तर विष रक्तात गेलं असतं. तेव्हा समजलं की काम एकट्या कापणाऱ्याचं नसतं. बिघडलेलं पोट हाताला ओळखू येणारी माणसं लागतात, आणि रोज बघितल्याशिवाय तो हात तयार होत नाही.

ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला सांगतो. साधं, वेळेत सापडलेलं अपेंडिक्स जवळच्या लहान हॉस्पिटलातही नीट निघतं, हे डॉक्टरच म्हणतात. पण वय झालंय, शुगर आहे, फुटलंय, तर विचारायला लाजू नका. तुम्ही अशी किती करता? नंतर बिघडलं तर इथे बघायला कोण आहे? आणि सिस्टरने विचारलं तर खरं सांगा. मी नाही सांगितलं. माझं नशीब, तिने माझं ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी घरी आलो. अजूनही पोटात जरा गुडगुडलं की छातीत धडधडतं. चालता यायला लागलं तेव्हा पहिला गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. आयुष्यात मी कुणाला 'मला जमणार नाही' म्हटलं नाही, आणि तेच मोठेपण समजत होतो. हा माझ्या पोराच्या वयाचा, माझ्या तोंडावर ते म्हणाला. मी दारात उभा राहून हात जोडले.

तो खुर्चीतून उठला. "हे काय, तांडेल? मी काय केलं? मी तर हातपण नाही लावला."

"म्हणूनच," मी म्हटलं.