उलट्या नथीची कोळीण

आधीच सांगून ठेवते, मला भांडणाची हौस नाही. पण कुणी माझ्या बापाची वस्तू उचलायची आणि वर मलाच विचारायचं, 'तुमची कशावरून?' तर मग मी ऐकून घेणारी नाही. लालबागच्या चाळीत वाढलेय मी. तिथे नळावर जी गप्प उभी राहते तिची बादली दुपारपर्यंत रिकामीच.

ती वस्तू म्हणजे एक कोळीण. चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवून काढलेली. डोक्यावर टोपली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात शेपटीला धरून उगारलेली सुरमई. आणि नाकात नथ, ती मात्र उजवीकडे. आपल्याकडे नथ डावीकडे घालतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांचा हात मिलचा होता.

बाबा मिलच्या डिझाइन खात्यात नक्षी काढायचे. टॉवेलावरची फुलं, चादरीवरचे मोर, सगळं आधी चौकटींच्या कागदावर उतरायचं आणि मग मागावर जायचं. त्यांच्या मिलमध्ये कापड पालथं विणलं जायचं, चांगली बाजू खाली. म्हणून मोर डावीकडे बघायला हवा असेल तर बाबा तो उजवीकडे बघणारा काढायचे. टॉवेलाच्या काठावर मिलचं नाव यायचं, तीही अक्षरं बाबाच काढायचे, उलटी. जन्मभर त्या माणसानं मिलचं नाव काढलं. स्वतःचं एकदाही कुठे घातलं नाही. नक्षीवाल्यानं नाव घालायचं नसतं, अशीच तिथली रीत.

मग संप झाला. तो लांबत गेला आणि एक दिवस मिलनं बाबांना कामावरून काढल्याचं पत्र पाठवलं. बाबा घरी बसले. घरी बसले म्हणजे खरंच बसले, खिडकीपाशी, पेन्सिल कानावर ठेवून. मी शाळेतून आले की त्यांच्याकडे बघायलाच नको वाटायचं.

त्यांना त्यातून उठवलं आमच्या शेजारच्या ताईनं. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या घरातही संपच होता. रुखवतात मांडायला काही नाही म्हणून ती चौकटी-चौकटींच्या मॅटीच्या कापडावर भरतकाम करायला बसली होती. बाबांकडे येऊन म्हणाली, "काका, मला एक नमुना काढून द्या ना. पण ते पोपट आणि गुलाब नकोत, सगळ्यांच्या रुखवतात तेच असतात."

तेवढ्यात खाली आमच्या चाळीची कोळीण एका बोक्यावर ओरडत होती. तिचा आवाज म्हणजे काय विचारता, गणेश टॉकीजपर्यंत, असं बाबाच म्हणायचे. बोका पापलेटावर टपलेला आणि ती सुरमई उगारून त्याच्यामागे. बाबा खिडकीतून बघत राहिले आणि किती तरी दिवसांनी हसले. मग कानावरची पेन्सिल काढली.

कोळीण तयार झाली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, नथ चुकली."

"चुकूक नाय गो. उलटा काढूचा, मगे मागावर सुलटा येता," ते म्हणाले. आणि पेन्सिल परत कानावर खोचली. माग कुठे होता आता सुलट करून द्यायला? ताईनं ती तशीच भरली, उलट्या नथीची. रुखवतात चकल्या-लाडवांच्या मागे ती कोळीण उभी होती आणि वऱ्हाडातली पोरं तिच्यासमोरून हलत नव्हती.

मूळ कागद मी घेतला. पुढे बारावीनंतर दादरला हिंदमाताजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला नोकरी लागली. तिथे पोरं शिकायला कमी आणि गेम खेळायला जास्त यायची. एकाची फ्लॉपी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. तो गेम कुणी बनवलाय, त्याचा मालक कोण, असले प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हते, माझ्या तर नव्हतेच. मला एवढंच दिसलं की स्क्रीनवरची चित्रं बाबांच्या कागदासारखीच आहेत. चौकटीच चौकटी!

मग मी जिद्दीला पेटले. प्रोग्रॅमिंग शिकले, क्लासच्या सरांचं डोकं खाल्लं, आणि कोळणीला चालवलं. ती चालायची, उडी मारायची, बोके आणि कावळे टोपलीवर झडप घालायला आले की सुरमईनं त्यांना हाणायची. पोरं वेडी झाली. फ्लॉपी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून कुठे कुठे गेली, देव जाणे. कुणीतरी कॉपी करून नेतंय याचा मला केवढा अभिमान! नाव मात्र त्यात कुणाचंच नव्हतं. मला ते सुचलंच नाही.

त्यावर बरीच वर्षं गेली. मिलच्या जागी काचेच्या इमारती आल्या. मी पुढे एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. एकदा आमच्या मुलांना घेऊन कॉमिक्स आणि गेमच्या जत्रेत गेले होते. जत्राच ती, फक्त पाळण्यांच्या जागी स्क्रीन. पोरंपोरी आपापल्या आवडत्या पात्रांचे कपडे घालून मिरवत होती. कुणाला पंख, कुणाला शेपूट. आणि समोरून आली एक कोळीण. डोक्यावर टोपली, हातात थर्माकोलची सुरमई.

मी कौतुकानं जवळ गेले आणि म्हटलं, "अगं छान दिसतेस, पण नथ उलट्या बाजूला घातलीस बाळा."

ती म्हणाली, "नाही मॅम, कॅरेक्टरचीच तशी आहे. बाकीच्यांना कळत नाही, पण खऱ्या फॅनला कळतं."

"कुठलं कॅरेक्टर?" मी विचारलं. तिनं मला फोनवर गेम दाखवला. माझी कोळीण! तीच कमरेवरची मूठ, तेच बोके. मागच्या स्टॉलवर तिचे टी-शर्ट, कप, कीचेन. आणि सगळीकडे कुठल्याशा कंपनीचं नाव, खाली 'सर्व हक्क राखीव'. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कुणाचे हक्क, कुणी राखले?

घरी येऊन बाबांना दाखवलं. ते आता खूप थकले होते, पण नजर शाबूत. फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"बरी चलता गो," म्हणाले. मग फोन परत दिला. "असू दे. नाव थोडाच कोण घालता नक्षीवाल्याचा?"

त्या एका वाक्यानं मी पेटले. पैशाचं नंतर बघू. पण हा माणूस डोळे मिटायच्या आत त्या कोळणीखाली त्याचं नाव आलंच पाहिजे, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

गिरगावात फणसवाडीत एक वकीलबाई होत्या. पिढीजात वकिली, बोलणं स्वच्छ आणि तोंडावर. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी प्या. आता ऐका. कोळीण ही कल्पना कुणाचीच नसते. उद्या कुणीही कोळीण काढेल, बोक्याला हाणायला लावेल. पण तुमच्या वडिलांनी जशी काढली, ती त्यांची. काढली त्या क्षणी त्यांची. कुठे नोंदवावी लागत नाही, शिक्का लागत नाही."

"मग झालंच की!"

"झालं कुठे? त्यांनी तुमचीच उचलली आणि तुमची त्यांच्या आधीची, हे दाखवावं लागेल. उचलल्याचा पुरावा तुमच्या नथीत आहे. बरोबर गोष्ट दोघांना सुचू शकते. पण तीच चूक दोघांकडून, तीही अशी? ती चोरूनच येते. राहिली तारीख."

"आणि नाव?"

"हक्क विकला तरी काढणाऱ्याचं नाव लागण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. नावाचं मी बघते. गेम तुम्ही केलात ना? तुमचंही नाव मागू या?"

मी हात झटकला. "माझं काय त्यात! मी नुसतं कॉम्प्युटरवर उतरवलं. बाबांचं तेवढं घ्या."

नोटीस गेली. कंपनीनं उत्तर द्यायच्या आधी काय केलं माहितीये? गेमची नवी आवृत्ती काढली आणि नथ गुपचूप डावीकडे सरकवली! पण त्या फॅन पोरापोरींनी इतका गोंधळ घातला की विचारू नका. 'आमची नथ परत द्या' म्हणून इंटरनेटवर नुसता कल्ला. नवीन कोळीण नकली आहे, म्हणे. मला त्या पोरांचे मुके घ्यावेसे वाटले. वकीलबाई गालातल्या गालात हसल्या. म्हणाल्या, "चला, ज्याला चूक माहीत नव्हती तो ती लपवत नसतो."

तारखेचं काम मात्र अडलं. कोळणीच्या कागदावर तारीख नव्हती, नाव तर नव्हतंच. मग ताई आठवली. ती परळलाच राहत होती, आता स्वतः सासू झालेली. मी दारात उभी राहून नुसतं 'रुखवत' म्हटलं, तर आत जाऊन लग्नाचा अल्बमच घेऊन आली. आमच्याकडे नवरा-नवरीचा फोटो एक वेळ हलेल, पण रुखवताच्या टेबलाचा फोटो काढल्याशिवाय फोटोग्राफरला जेवायला वाढत नाहीत. चकल्यांच्या मागे माझी कोळीण दिमाखात उभी. भिंतीवर ताईच्या लग्नाचा, तारखेसकटचा कागदी फलक. भरलेलं कापडही होतं तिच्याकडे, टीव्हीवर घालून घालून विटलेलं.

"ने," ताई म्हणाली. "काकांच्या नावासाठी काय हवं ते ने."

कंपनीनं बोलणी करायला बोलावलं. ऑफिस कुठे असावं? बाबांच्याच मिलच्या आवारात, एका काचेच्या इमारतीत. बाबांना मी घरीच ठेवलं होतं. त्यांना तिथे न्यायला मन झालं नाही. कंपनीचा मालक तरुण, बोलायला नम्र. म्हणाला, "मॅडम, लहानपणी मित्राच्या घरी हा गेम खेळलोय मी. त्या फ्लॉपीवर कुणाचंच नाव नव्हतं. मला वाटलं कुणाचाच नाही."

"नाव नव्हतं म्हणजे बाप नव्हता असं होत नाही," मी म्हटलं. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला.

त्यांचा वकील मात्र बेरकी. त्यानं मूळ कागद आणि रुखवताचा फोटो पाहिला, फलकावरची तारीख वाचली आणि खूश झाला. म्हणाला, "उत्तम. म्हणजे हे चित्र आधीचं आहे हे आम्हाला मान्य. पण तुमचे वडील मिलचे डिझायनर. नोकरानं नोकरीत काढलेलं चित्र मालकाचं असतं, हा कायदा आहे. कागदही मिलचाच दिसतोय. तेव्हा हक्क मिलचा, तुमचा नाही. मिलनं काय ते बघावं."

ज्या तारखेसाठी मी परळपर्यंत धावले, तीच माझ्या गळ्याशी आली होती. वकीलबाई बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी उठलेच. राहवलंच नाही.

"ओ साहेब, ती तारीख नीट बघा," मी म्हटलं. "संप चालू होता तेव्हा. माझ्या बापाला या तुमच्या काचेखालच्या मिलनं तेव्हा कामावरून काढून टाकलं होतं. ज्या माणसाला गेटातून आत घेत नव्हते, त्याची कोळीण तेवढी कामावर होती काय? आम्ही तेव्हा मिलचे नव्हतो ना? मग नव्हतो! त्या दिवसांत मिलनं आम्हाला काही दिलं नाही. त्या दिवसांत जे झालं ते आमचं."

माझा आवाज चाळीतला झाला होता, मला कळत होतं. बाहेर काचेपलीकडे पोरं माना वर करून बघत होती. बघू देत. वकीलबाईंनी शांतपणे बाबांना कामावरून काढल्याचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "अशिलांनी माझं काम कमी केलं."

मालक तरुण होता पण माणूस होता. त्यानं आपल्या वकिलाकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "नाव कसं लिहायचं, मॅडम?"

पैशांचंही ठरलं, रीतसर. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. नवी आवृत्ती यायला वेळ लागत होता आणि मी नुसती धुसफुसत होते. शेवटी नवी आवृत्ती आली. नथ परत उजवीकडे. मी बाबांच्या शेजारी बसले आणि फोन त्यांच्या हातात दिला. कोळीण आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि खाली अक्षरं उमटली: चित्र, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. सुलट.

बाबांनी बोटानं एकेक अक्षर वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मी म्हटलं, "आता झालं ना समाधान?"

ते खाली बघतच राहिले. पडदा वर सरकवला, खाली सरकवला. काहीतरी शोधत होते.

"मी काढलंय ता खरा," म्हणाले. "पण माझी कोळीण कागदावर उभी होती गो, जाग्यावरून हलूक नाय. तिका चलवल्यान कोणी? चेडवा, तुझा नाव खंय आसा?"

मिलमध्ये एक दिवसही काम न करता मी मिलचीच रीत पाळली होती.

"राहू दे ना बाबा," माझ्या तोंडून गेलं.

"ह्यां माझा वाक्य," बाबा म्हणाले. "तुझा न्हय."

मी फोन घेतला आणि फणसवाडीला लावला. वकीलबाईंनी उचलल्यावर म्हटलं, "मी बोलतेय. अजून एक नाव राहिलंय."