वर्षभर अडकलेलं ताट

आमच्या चर्चच्या तरुण संघातली पोरं पाहुणे म्हणून एकदम तरबेज. डिसेंबर लागला की गाणी म्हणत घरोघर फिरायचं आणि करंज्या, शंकरपाळ्या हाणायच्या. स्वतःच्या घरी कुणी आलं की मात्र सगळ्यांची डोकी मोबाइलमध्ये. म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना पाहुणचार शिकवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. मला वाटलं, यात काय एवढं अवघड!

रविवारच्या उपासनेनंतर मी वर्ग घ्यायचे. आल्यागेल्याला ‘चहा घेणार का’ असं विचारायचं नाही, कप सरळ समोर ठेवायचा. बोलावणं व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायचं नाही, उंबऱ्यावर जाऊन करायचं. शेवटी परीक्षा म्हणून ठरवलं, की नाताळाच्या आधी चर्चच्या अंगणात जेवण करायचं आणि प्रत्येकाने चर्चबाहेरचा एक पाहुणा आणायचा.

नर्सिंग शिकणारी एक आगाऊ पोरगी आहे आमच्यात. तिने विचारलं, माझा पाहुणा कोण. मी म्हटलं, मी तर शिकवणारी.

“बाई, शेजारच्या काकूंना बोलवा ना,” ती म्हणाली. आमचं भांडण सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

शेजारच्या वहिनी वडूजकडच्या, मिस्टर फौजेतून रिटायर झालेले. वीस वर्षं आमच्या ताटांची ये-जा होती. दिवाळीला त्यांच्या चकल्या, नाताळाला आमच्या करंज्या, आणि ताट कधी रिकामं परत जायचं नाही. मागच्या नाताळात आमची पोरं ढोलकी घेऊन गल्लीत गात आली, तर वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, बंद करा तो दंगा. माझं डोकं फिरलं. तुमच्या गणपतीत आम्ही दहा दिवस कान झाकून बसतो का, असं मी सगळ्यांदेखत सुनावलं. त्याच दिवशी त्यांच्या मिस्टरांना ऑपरेशन होऊन घरी आणलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. लगेच जाऊन माफी मागायला काय धाड भरली होती मला? पण नाही गेले.

भांडणाच्या आदल्या दिवशीच करंज्या भरून पाठवलेलं माझं ताट त्यांच्याकडे राहिलं. यंदा दिवाळीला चकल्या आल्या नाहीत. मी आपली सगळ्यांना सांगत सुटले, बाईने माझं ताटसुद्धा गिळलं. खरं तर ताटाचं मला काही नव्हतं. वीस वर्षांचं हक्काचं माणूस तुटलं होतं, ते खुपत होतं.

आता पोरांसमोर माघार कशी घेणार? गेले. उंबऱ्यावर उभी राहून एका दमात म्हणून टाकलं, वहिनी, येत्या गुरुवारी दुपारी चर्चमध्ये जेवायला या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि ‘येते’ म्हणाल्या. बास, एवढंच. पण मी घरी आले ती गुणगुणतच.

गुरुवारी पोरांनी कमाल केली. चिकन आणायला गेलेली दोघं पाच मिनिटांत परत आली, दुकानात गर्दीच नव्हती म्हणे. मी म्हटलं, देवाची कृपा. चर्च आमच्याच गल्लीत, बिर्याणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. एक वाजला तरी कॉलेजचे चार मित्र सोडले तर एक पाहुणा येईना. शेवटी एका पोरीने बोलावलेल्या मैत्रिणीच्या आईने फोनवर सांगितलं, अगं, मार्गशीर्षातला गुरुवार आज, उपास असतो बायकांचा.

अरे देवा! सांगलीत वाढले, साताऱ्यात नांदले, दर मार्गशीर्षात मंडईत फुलं-फळं महागली म्हणून कुरकुरते, आणि चिकनचं दुकान ओस का पडलंय हे माझ्या टाळक्यात येऊ नये! आता वहिनी कशाला येतात? मुद्दाम केलं असंच वाटणार त्यांना. मी कपाळाला हात लावून बसले.

तेवढ्यात फाटकातून वहिनी आत आल्या. ठेवणीतली साडी, केसांत गजरा, हातात रुमालाने झाकलेलं ताट. माझंच ताट. मी धावत गेले. म्हटलं, वहिनी, आजचंही चुकलं माझं आणि मागच्या वर्षीचंही. आणि सगळ्या वर्गासमोर मला रडूच कोसळलं.

“आवं बाई, गुरुवार हाय ते मला ठावं हुतं की,” त्या म्हणाल्या. “पर तुमी दारात आला, तवा न्हाई कसं म्हनायचं? जेवनाचं काय, सांजच्याला निवद दाखवून जेवीन मी.”

ताट त्यांनी वर्षभर फळीवर ठेवलं होतं. रिकामं पाठवायचं कसं, आणि भरून पाठवायला राग आडवा येत होता. मी उंबऱ्यावर जाऊन आल्यावर राग गेला, आणि आज सकाळी त्यांनी उपाशीपोटी चकल्या तळल्या.

नर्सिंगवालीने काही न विचारता दोन केळी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. चला, शिकवलेलं एवढं तरी कामी आलं! वहिनी दोन तास बसल्या. आमची जेवणं उरकल्यावर म्हणाल्या, मागल्या वर्षी अर्धं राहिलेलं गाणं म्हणा, ढोलकीसकट. घरी आपल्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणा, असा मिस्टरांचाच निरोप होता. पोरांनी मग छप्पर उडवलं.

त्या गेल्यावर चकल्या वाटल्या. मिठाचा पत्ता नव्हता. उपास असल्याने त्यांनी चव घेतलीच नव्हती. पोरं माझ्याकडे बघायला लागली, मी डोळे वटारले. ब्र न काढता सगळ्यांनी ताट संपवलं, मी स्वतः तीन खाल्ल्या.

रिकामं ताट धुऊन मी घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच करंज्यांचं सारण भाजायला घेतलं. ते ताट एक दिवससुद्धा माझ्याकडे ठेवायची आता माझी छाती नव्हती.