काकूंचा आवाज आणि आमचं अर्थिंग

भित्र्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, असं माझं मत आहे. धीट माणसाची लाइट जाते, येते आणि तो विसरून जातो. माझी लाइट नुसती लुकलुकली तरी मला ती वर्षभर सांगायला पुरते! दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझा रेकॉर्डिंगचा काँप्युटर आहे. लोकांचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि साफ करून द्यायचे, हा माझा धंदा. बाहेरची वीज आणि आतला काँप्युटर यांच्यामध्ये मी टेस्टर घेऊन उभा असतो.

पण यंदाच्या उन्हाळ्यातली भीती वेगळी होती. आमच्याच सोसायटीतल्या शालिनीकाकू गायकवाड दर रविवारी इथल्या मराठी मुलांना गोष्टी सांगतात. 'उंबरठा' म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी दिल्लीची पोरं काकूंच्या गोष्टीत मात्र चिडीचूप! त्या काकूंच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. सर्जन म्हणाले, "आवाज़ तो रहेगी. यही रहेगी, इसकी गारंटी नहीं."

काकू तिथून थेट माझ्याकडे आल्या. "सुहास, ऑपरेशनच्या आधी माझ्या सगळ्या गोष्टी तुझ्या डब्यात भर." डबा म्हणजे माझा काँप्युटर. डॉक्टरांनी रोज थोडंच बोलायला सांगितलं होतं. म्हणजे रेकॉर्डिंग मध्येच गेलं, तर तेवढा आवाज फुकट गेला! मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

पहिल्याच दिवशी घात झाला. काकू रंगात आल्या होत्या, गोष्टीतला कोल्हा विहिरीत डोकावत होता आणि काँप्युटर खटकन बंद! मी कपाळाला हात लावला. नवा कोरा यूपीएस आणला होता, लाइट गेली तरी काँप्युटर चालू राहावा म्हणून. आणि लाइट तर गेलीच नव्हती!

बाहेर येऊन बघतो तो माझी बायको मीनल ऑफिसची साडी इस्त्री करतेय. इस्त्रीची वायर थेट यूपीएसच्या बोर्डात! एवढा लोड घेऊन तो बिचारा धारातीर्थी पडला होता.

"तूच म्हणाला होतास ना, इथली वीज एकदम स्वच्छ असते?" मीनल म्हणाली. "मला वाटलं, साडीला बरी."

केंद्राच्या मंत्रालयात फायली हलवणारी बाई आहे, वाद घालून उपयोग नसतो. काकूंनी कोल्ह्याला पुन्हा विहिरीवर आणलं. पण दुसऱ्या खेपेला त्यांचा आवाज चिरकला, आणि मला अपराध्यासारखं वाटत राहिलं.

*

मग रेकॉर्डिंगमध्ये 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. काकू गप्प बसल्या, तरी त्यांच्यामागे कुणीतरी घुमतंय असं वाटायचं. ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियननं खाली एक चक्कर मारली आणि निदान केलं, "अर्थिंग सूख गई है जी. नमक डालो, पानी डालो."

बिल्डिंगच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, वीज जमिनीत उतरवणारा. मी रोज सकाळी अंघोळ करून तिथे बादलीभर मिठाचं पाणी ओतायला लागलो. आठवडा गेला नसेल, एका सकाळी खड्ड्यावर झेंडूचं फूल! दुसऱ्या दिवशी उदबत्ती. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आंटी हातात लोटा घेऊन उभ्या.

"भाई साहब, आपने किस बात की मन्नत मानी है?"

मी घाबरून खरं तेच बोललो. "आवाज़ की."

आंटींचे डोळे भरून आले. "और हमारे बेटे के वीज़ा की," म्हणाल्या, आणि लोटा ओतला. आता तिथे सकाळी रांग असते. घूं आवाज मात्र गेला, हे कबूल करायला हवं!

*

काकूंच्या गोष्टी टाइप करायला इरफान यायचा. मूळचा परभणीचा, मुनिरकात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतो. स्वतःच्या नोट्स रेकॉर्ड करून मेट्रोत ऐकतो. एक दिवस त्याचा फोन आला.

"दादा, माझा माइक चावतो!"

"काय करतो?"

"चावतो हो! ओठ लागला की चावतो!"

मी धावत मुनिरकाला गेलो. खोलीतल्या सॉकेटमध्ये लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन बसत नव्हती, म्हणून पठ्ठ्यानं ती पकडीनं तोडून टाकली होती. अर्थिंगची पिन तीच! सगळी गळकी वीज माइकच्या जाळीत येऊन याच्या ओठांची वाट बघत बसलेली.

"अरे, जीव गेला असता!" मी ओरडलो.

इरफान म्हणाला, "प्रीलिम्सनंतर गेला असता तर चाललं असतं."

हसलो आम्ही. पण त्या दिवसापासून काकू माइकसमोर बसण्याआधी मी तो गुपचूप स्वतःच्या ओठाला लावून बघायला लागलो. मीनलनं एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

*

मे महिन्यातली आंधी आली आणि काँप्युटरचा पंखा गुरगुरायला लागला. धूळ काढायला हवी होती. मी कॅबिनेट उघडलं, ब्रश फिरवला, तारा तपासल्या, झाकण लावलं. बघतो तर टेबलावर एक स्क्रू उरलेला! कुठला ते काही केल्या कळेना. चालू करायची माझी हिंमत होईना, आत काकूंच्या निम्म्याहून जास्त गोष्टी होत्या.

रेकॉर्डिंगला आलेल्या काकूंनी तो स्क्रू चिमटीत धरून निरखला.

"डॉक्टर माझ्या गळ्यात असलं काही विसरले नाहीत म्हणजे मिळवली!"

कुणालाच हसू येईना. मग त्यांनीच पुढे होऊन बटण दाबलं. चालू झाला.

*

स्क्रूच्या प्रकारानंतर मी गोष्टींची एक कॉपी छोट्या ड्राइव्हवर काढून गायकवाडकाकांकडे दिली. काका म्हणजे काकूंचे मिस्टर, सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेले, कमी बोलणारे. दिल्लीतल्याच द्वारकेला मुलीकडे ठेवायला म्हणून ते ड्राइव्ह घेऊन मेट्रोला गेले. इरफान सोबत होता, पुढचं मला त्यानंच सांगितलं. सिक्युरिटीच्या जवानानं सामान एक्स-रेमध्ये टाकायला सांगितलं. काकांनी ड्राइव्ह छातीशी धरला.

"नहीं! इसमें मेरी मिसेस का आवाज़ है!"

मागे रांग खोळंबली. जवान तरुण होता, बिचाऱ्यानं साधंच विचारलं, "अंकल जी, घर पे नहीं बोलतीं क्या?"

 काका ड्राइव्ह घेऊन तसेच परत आले. मला म्हणाले, "गर्दी होती."

*

गोष्टी ऑपरेशनच्या आधी पूर्ण झाल्या. ऑपरेशनही झालं. आता महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी ताकीद आहे. त्यानंतर कुठला आवाज येईल, हे कुणी विचारत नाही. काकू खुणा करतात. काका तर आधीपासूनच गप्प. त्या घरात गेलं की मला भीती वाटते.

परवा दुपारी काका एकटेच आले. "सुहास, जरा तिचा आवाज लाव रे."

"कुठली गोष्ट लावू?"

"गोष्ट नको. गोष्टीत ती सगळ्यांशी बोलते." काकांनी चष्मा पुसला. "मधलं काही आहे का?"

मधलं म्हणजे मी कापून बाजूला काढलेलं. मी भित्रा माणूस, आजवर काहीही डिलीट केलेलं नाही! रेकॉर्डिंगच्या वेळी काका आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे. फ्रिज सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये 'टक' असा आवाज पडायचा, म्हणून तो बंद ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. आणि पेपर वाचताना ते हमखास विसरायचे.

मी तसलाच एक तुकडा शोधून लावला. काकू शांतपणे गोष्ट सांगत होत्या. टक! मग एकदम त्यांचा घरातला आवाज खोलीभर झाला.

"अहो, तो फ्रिज बंद करा आधी! लक्ष कुठंय तुमचं?"

काका खुर्चीवरून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज बंद करून आले.