उखळातली ऊब

कर्जतला आमच्या घरी भात कांडायला बाई मिळाली नसती असं नाही. डोंगराकडच्या वाडीतल्या बायका दारावर येऊन विचारून जात. पण वहिनीच नको म्हणायची. सकाळी पडवीत आम्ही दोघी उखळाशी उभ्या राहिलो की तेवढा वेळ आम्हाला कोणी हाक मारत नसे, आणि त्यासाठी हाताला घट्टे पडले तरी चालत होतं. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. बोलणंही त्याच तालावर चाले.

मी विसाव्या वर्षी कुंकू पुसून भावाच्या घरी परत आलेली. वहिनी माझ्याच वयाची, मूलबाळ नाही. दादा वकील, कोर्टात एवढं बोलायचे की घरी येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असत. त्या घरात मला कोणी छळलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणारे लगेच डोळ्याला पदर लावतात. छळ नव्हता. मी असले काय नि नसले काय, कोणाचं काही अडत नव्हतं, एवढंच. वहिनी सोडून. म्हणून मी बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. पास झाले तर पुण्याला जाऊन शिक्षिका व्हायचं, नापास झाले तर जन्मभर ती पडवी. दादांनी बजावलं होतं, एकदाच बसायचं, पुन्हा हट्ट चालणार नाही.

घोडं अडलं ते शास्त्राच्या पुस्तकात. कार्य आणि शक्ती असा तो धडा. आता त्या शक्तीला ऊर्जा म्हणतात. वजन उचललं आणि पुन्हा होतं तिथेच आणून ठेवलं, तर पृथ्वीच्या ओढीचं एकूण कार्य शून्य, असं ते मेलं पुस्तक म्हणत होतं. मी रोज मुसळ वर नेते, ते जिथल्या तिथे खाली येतं. सगळंच शून्य, तर माझ्या दंडात गोळे येतात ते कसले? गावात विचारायला कोणी नव्हतं. दादांना विचारलं तर शास्त्र हा आपला प्रांत नव्हे म्हणाले आणि पानाची चंची उघडून बसले.

वहिनीला सांगितलं तर ती हसायला लागली. एवढं वाचून शेवटी मुसळ केरातच जायचं का, म्हणाली. मीही ऐटीत म्हटलं की उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं. पण मी भीत होते. चांगलीच भीत होते.

पौषातली एक सकाळ. आडाच्या पाण्याने बोटं गारठून गेली होती. कांडता कांडता मी भात वरखाली करायला उखळात हात घातला आणि तो तसाच राहू दिला. भात उबदार होता. रोजच असणार, पण माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. मी मुसळ वर नेताना त्यात जे घालत होते, ते मुसळ पडताना त्याचा वेग होत होतं, मग त्याने तूस फुटत होतं, थोडं आवाजात जात होतं आणि उरलेलं हे असं भातात उतरत होतं. पृथ्वीने वर जाताना जेवढं अडवलं तेवढंच खाली येताना ओढलं, म्हणून तिचं शून्य. माझं शून्य नव्हतं. मला इतका आनंद झाला की रडूच यायचं बाकी होतं. मी वहिनीचं मनगट धरून तिचा हात उखळात घातला आणि जमेल तसं तिला समजावलं.

तिने हात बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, ही ऊब साठवून ठेवता येते का? मी पुस्तकातलंच सांगितलं, की ती नाहीशी होत नाही, हवेत पसरते. पण पुन्हा गोळा करता येत नाही.

“म्हणजे तुम्ही पास होणार, वन्सं,” ती म्हणाली आणि तिने मुसळ उचललं.

मी पास झाले. पुण्याला निघाले त्या दिवशी कर्जतला नेहमीप्रमाणे गाडीला मागून इंजिन लागलं. त्याने आम्हाला घाट चढवून दिला, माथ्यावर ते सुटलं आणि एकटंच खाली परतलं. ते बघून मला वहिनी आठवली आणि मी बायकांच्या डब्यात सगळ्यांदेखत रडले. पुण्यात मला पगार होता, खोली होती, मुली बाई बाई करत मागे असायच्या. शाळा सुटली की मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत बोलायला कोणी नसे.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेले. वहिनी पडवीत एकटीच कांडत होती. मी पिशवी खाली ठेवली, कोपऱ्यातलं दुसरं मुसळ घेतलं आणि समोर उभी राहिले. मुसळांची टक्कर झाली. पुन्हा धरलं, पुन्हा टक्कर.

“राहू द्या, वन्सं,” ती म्हणाली. “मला आता एकटीचा ताल बसलाय.”

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं. मी उंबऱ्यावर बसून राहिले. ती सूप आणायला आत गेली तेव्हा मी उठून उखळात हात घातला. भात तसाच उबदार होता. त्यात माझं काही नव्हतं.