मुनिबच्या घरची तिसरी कॉफी

त्राव्निक गावच्या ग्रँडमास्टर मुनिबला कुणी विचारलं, "तुमचे गुरू कोण?" की तो सरळ बायकोकडे बोट दाखवतो. शेफिकाला अजून घोडा अडीच घरं कसा चालतो ते उमगलेलं नाही. ती डोक्यावरचा रुमाल सारखा करते आणि आत निघून जाते.

मुनिबने पुढे कितीतरी देश पाहिले, भल्याभल्यांना घाम फोडला, देशातली लढाई सरल्यावर गावातल्या मुलांना पट मांडून दिला. देवाने भरभरून दिलं. पण हे सगळं एका दुपारवर उभं आहे.

त्या वर्षी मोठी स्पर्धा गावातच भरली होती. शेवटच्या डावात बरोबरी झाली की मुनिब ग्रँडमास्टर. हरला तर पुन्हा बुटांचा कारखाना, कारण असल्या स्पर्धेला त्याला परत कुणी बोलावणार नव्हतं. डाव दुपारी अर्धवट थांबला, उरलेला दुसऱ्या दिवशी सकाळी. मुनिब एका प्याद्याने मागे होता.

सगळी मित्रमंडळी मदतीला म्हणून त्याच्या स्वयंपाकघरात शिरली.

"हत्ती खाली आण!"

"खाली आणलास तर मेलास!"

"तू गप रे हिल्मो, तुला बायको पत्त्यांतसुद्धा हरवते!"

मुनिब मधोमध डोकं धरून बसलेला. पाहुण्यांना 'निघा' म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

शेफिकाने पहिली कॉफी दिली, स्वागताची. मग दुसरी, गप्पांची. दोन्ही वेळा बशीत लोकूमचा गोड तुकडा. तिची नमाज झाली तरी गलका चालूच होता, आणि नवरा एकच प्यादं उचलून पुन्हा तिथेच ठेवत होता.

आता उरली होती तिसरी, उठवणीची कॉफी; ती आली की पाहुण्याने निघायचं. तिच्या आईने ती जन्मात कधी केली नव्हती. पाहुणा म्हणजे देवाने धाडलेला. "अल्ला, रागावू नकोस," असं पुटपुटत शेफिकाने भांडं चुलीवर चढवलं.

या तिसऱ्या कॉफीच्या बशीत लोकूम नव्हता. हिल्मो म्हणाला, "वहिनी, गोड विसरलात वाटतं?"

मंडळीतला सगळ्यात म्हातारा जुलागा उठला. "विसरली नाही रे गाढवा. पी आणि जोडे घाल." दारात तो थांबला. "सूनबाई, बरं केलंस."

"शेफिका, काय केलंस हे!" सगळे गेल्यावर मुनिब ओरडला. "उद्या लोकांना तोंड कसं दाखवू?"

"किताब घेऊन दाखव."

घर शांत झालं. शेजारची कबुतरं तेवढी घुमत होती. बऱ्याच वेळाने मुनिब एकटाच हसला.

"हत्ती वाचवायचा कशाला? फुकट देऊन टाकतो!"

"देऊन टाकतोस?"

"माझी प्यादी अडलेली आहेत. त्याने हत्ती घेतला की माझ्या राजाला पाऊल टाकायला घर नाही, आणि शहही नाही. चालच उरली नाही की डाव बरोबरीत!" आणि तो चक्क झोपला.

सकाळी तसंच झालं. मुनिबचा हत्ती शह देत समोरच्याच्या राजाच्या पाठीच लागला. घ्यावा तर बरोबरी, न घ्यावा तर सुटका नाही. शेवटी समोरच्याने बरोबरी मान्य करून हात पुढे केला.

संध्याकाळी शेफिका दाराकडे डोळे लावून बसली. आता या घराची पायरी कोण चढणार? तेवढ्यात जुलागाचा खाकरा ऐकू आला, त्याच्यामागे सगळी पलटण.

"सूनबाई, आज कॉफ्या किती?"

"दोनच, चाचा."

तिने किताबासाठी देवाचे आभार मानले होतेच; आता माणसं परतली म्हणून पुन्हा मानले. दुसरी कॉफीच ती परत परत करत राहिली, आणि दर खेपेला प्रत्येक बशीत लोकूम आठवणीने ठेवला. हिल्मोने दोन तुकडे उचलले. एक कालचा म्हणे.