वहिनीच्या सहा कादंबऱ्या

वहिनी गेल्याचा निरोप मला तुमसरच्या शाळेत मिळाला. आठवीचा तास सुरू होता. शिपाई दाराशी येऊन काही न बोलता उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. दोन बस बदलून जवाहरनगरला पोचले तोवर तिला न्यायची तयारी झाली होती. तोंड पाहायला मिळालं, एवढंच. त्या दिवशी मी रडले नाही. रडू आलं ते चार दिवसांनी, वर्तमानपत्रातल्या तीन ओळी वाचून. आधी ‘सुप्रसिद्ध रहस्यकादंबरीकार’ म्हणून माझ्या भावाचं नाव, आणि मग ‘यांच्या धर्मपत्नी सौ. सुमनबाई यांचे अल्पशा आजाराने निधन’. दोन वर्षं मूत्रपिंडाचं दुखणं काढलेल्या बाईचा आजार अल्पसा कसा, हे एक. आणि दुसरं... ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. दीड महिना झाला. राग निवेल म्हणून थांबले होते, तो निवला नाही.

आमचं गाव सिहोरा. सातवीनंतर बाबांनी मला पुढच्या शिक्षणासाठी जवाहरनगरला दादाकडे पाठवलं, ते त्र्याहत्तर साली. दादा कारखान्यात कारकून होता, त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. वहिनी एकोडीची, धानाची शेती करणाऱ्या घरातली, मॅट्रिक पास. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी यायची तेव्हा दादा कामावर असायचा आणि घर आम्हा दोघींचं असायचं. कॉलनीच्या वाचनालयातून दादाच्या कार्डावर मी तिच्यासाठी कादंबऱ्या आणायची. तिला एकाच जातीच्या लागत. ओसाड बंगला, त्यात नोकरीला किंवा लग्न होऊन आलेली एकटी तरुण मुलगी, कुलूप लावलेली एक खोली, जिन्यावर वाजणारी पावलं, आणि घराचा देखणा, अबोल मालक, ज्याच्यावर जीवही जडतो आणि ज्याची भीतीही वाटते. वहिनी तांदूळ निवडायची आणि मी मोठ्यानं वाचायची. भुताचं वर्णन आलं की तिचा हात थांबायचा. पण नायिका किंकाळी फोडून बेशुद्ध पडली की ती चिडायची.

“पुन्हा पडली का ही?” ती म्हणायची. “एवढी शिकलेली पोरगी, दार उघडून पाहाले काय होते तिले?”

मी म्हटलं, मग तूच लिही. मी थट्टेनं म्हटलं होतं. आठ दिवसांनी तिनं माझ्याकडे एक कोरी वही मागितली.

तिच्या माहेरी शेताला लागून एक बोडी होती, म्हणजे पाणी साठवायचा छोटा तलाव. त्यात फार पूर्वी एक बाई बुडून मेली आणि ती तिथंच राहते, असं गाव मानायचं. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, लागायच्या आधी बाया धानाच्या रोपांची एक मूठ त्या पाण्यात टाकत. लहानपणी वहिनीनं आईला विचारलं होतं, ती कोणाची कोण, तिचं नाव काय? आईला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. “सारे भेत होते तिले,” वहिनी मला म्हणाली, “पण नाव कोणीच नाही विचारलं.” तिच्या पहिल्या कादंबरीची सुरुवात इथून झाली. मँगनीजच्या बंद पडलेल्या खाणीवरचा साहेबाचा जुना बंगला, तिथं दवाखाना चालवायला आलेली एक नर्स, आणि रोज तिसऱ्या प्रहरी व्हरांड्यात ओली पावलं उमटवून जाणारी एक बाई. खाणीवर एक तरुण ओव्हरसियरही होता. नर्सचं त्याच्यावर प्रेम बसतं, पण त्या बाईच्या मरणात त्याचा हात तर नाही, हा संशय शेवटच्या प्रकरणापर्यंत सुटत नाही. ही नर्स बेशुद्ध पडत नाही. ती ओल्या पावलांच्या मागं चालत जाते, कुलूप तोडते आणि समोर उभ्या असलेल्या त्या बाईला विचारते, “तुझं नाव काय?” हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता.

तिचं अक्षर गिचमिड होतं. स्वच्छ प्रत मी करायची. नागपूरच्या एका प्रकाशकाला आम्ही ती पोस्टानं पाठवली, दादाला न सांगता. तीन महिन्यांनी पत्र आलं, ते मात्र दादाच्या हातात पडलं. पुस्तक पसंत आहे, पण भुताखेतांच्या कादंबरीवर बाईचं नाव चालत नाही, घरातल्या एखाद्या पुरुषाचं नाव कळवावं, असा मजकूर होता. दादा आधी हसला. मग त्यानं पत्र पुन्हा वाचलं. म्हणाला, माझंच नाव दे, घरातलंच आहे, परकं थोडंच आहे... आणि कॉलनीतले लोक तुला नाही नाही ते विचारतील, तेही टळेल. वहिनीनं लगेच होकार दिला. त्या दिवशी ती खूश होती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पुस्तक छापून येणार, एवढंच तिला दिसत होतं. मलाही.

पुस्तक आलं, खपलं, प्रकाशकानं दुसरं मागितलं. सहा वर्षांत सहा कादंबऱ्या झाल्या. एकीत टेलिफोन ऑपरेटर होती, एकीत जंगलातल्या विश्रामगृहावर आलेली शिक्षिका, एकीत नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा शोध घेणारी नवी नवरी. भुतं सगळी बायकांचीच, आणि प्रत्येक नायिका त्यांना तोच प्रश्न विचारायची. पहिल्या पुस्तकाच्या वेळी कोणी कौतुक केलं तर दादा ओशाळून ‘घरच्यांची मदत आहे’ असं काहीतरी पुटपुटायचा. दुसऱ्याच्या वेळी नुसता हसायचा. तिसऱ्यापासून तो ‘मी लिहितो तेव्हा’ अशी वाक्यं बोलायला लागला. वाचकांची पत्रं यायची, त्यांना उत्तरं तोच द्यायचा. जेवताना वहिनीला विचारायचा, त्या नर्सनं कुलूप कशानं तोडलं होतं? ती सांगायची. तो बोटं चाटून उठायचा आणि पत्र लिहायला बसायचा. तो दुष्ट माणूस नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, मला शिकवलं, बाबांच्या आजारपणात रजा काढून गावी राहिला. एक खोटं त्याला रोज थोडं थोडं खरं वाटत गेलं, आणि आम्ही दोघींनी ते वाटू दिलं.

सहावं पुस्तक आलं त्या वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सवात त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. वहिनी बायकांमध्ये चौथ्या रांगेत बसली होती, मी तिच्या शेजारी. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, तुमच्या सगळ्या नायिका भुताला आधी नाव विचारतात, ते का? दादा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, ओळख झाल्याशिवाय बोलणं कसं सुरू व्हायचं? मंडप हसला. मुलगी हसली नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्या क्वार्टरवर आली. दादा कामावर गेला होता. वहिनीनं तिला चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुलीनं कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं, “काकू, ह्या कादंबऱ्या तुम्ही लिहिता ना?” वहिनी म्हणाली, नाही बाई, मला कुठं येतं लिहिता. मुलीचा विश्वास बसला नाही. ती माझ्याकडे वळली. “ताई, तुम्ही तरी खरं सांगा.”

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझं लग्न तुमसरच्या एका घरात जुळत आलं होतं, आणि त्या घराला लेखकाच्या बहिणीचं अप्रूप होतं. सासरे होणारे गृहस्थ दादाची पुस्तकं बैठकीत मांडून ठेवत. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, असं मला आज वाटतं. कदाचित काहीच आलं नसेल, नुसती सवय असेल. मी म्हटलं, “दादाच लिहितात.”

मुलगी गेली. वहिनीनं कप उचलले, विसळले. मला वाटलं, मी तिची बाजू राखली.

त्यानंतर तिनं एक ओळही लिहिली नाही. सातव्या कादंबरीची साठ-सत्तर पानं झाली होती, ती तिनं बाजूला ठेवली. दादा आधी समजुतीनं, मग चिडून मागं लागला. प्रकाशकाची पत्रं येत होती. ती म्हणायची, आता सुचत नाही. शेवटी ती पानं घेऊन त्यानं स्वतःच सातवी पुरी केली आणि पाठवली. ती परत आली. त्यात नायिका विहिरीच्या काठावर बेशुद्ध पडते आणि एक इन्स्पेक्टर तिला वाचवतो. ‘ऑफिसच्या व्यापात लेखन मागं पडलं’ असं दादा लोकांना सांगू लागला, आणि लोकांनी हळहळ व्यक्त केली. माझं लग्न झालं, मी तुमसरला गेले. दिवाळीला, राखीला भेट व्हायची. वहिनी माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन ती भुताच्या गोष्टी सांगायची, त्याही तोंडी.

ती जाण्याच्या दोन महिने आधी मी तिला भेटायला गेले होते. पाय सुजले होते, चेहरा काळवंडला होता. उशीला टेकून बसली होती. मी सहज म्हणून विचारलं, वहिनी, लिहिणं का सोडलंस गं? सात वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात बोलली, जणू भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशी.

“त्या पोरीले मी नाही म्हटलं, कारण मले याच घरात राहाचं होतं. तू तं लगीन होऊन जाणार होती, बेबी. मले वाटलं, तू सांगशील.”

तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे, चहा टाक. त्या हाताचं मला अजून काही करता येत नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दादा माझ्याजवळ येऊन बसला. तो खरोखर खचला होता, डोळे सुजले होते. म्हणाला, पेपरवाल्यांनी पुरवणीसाठी सुमनवर लेख मागितला आहे, पण मला सुचून नाही राहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुले लिहिता येते. दोन पानं लिहून दे. माझ्या नावानं देऊ.”

त्यात लबाडी नव्हती. त्याला ते नेहमीचंच वाटलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. हा लेख मी माझ्या नावानं पुरवणीकडे पाठवत आहे, हे दादाला छापून आल्यावर कळेल. त्याचं नाव मी यात घातलेलं नाही. सहा पुस्तकांवर आहे, तेवढं पुरे.

त्या संध्याकाळचा भात टाकायचा होता. दादा माझ्या मागोमाग आत आला, तांदूळ काढून देतो म्हणाला. कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी होती, कंबरेएवढी उंच, खिडकीच्या अगदी खाली. तिच्यासमोर एक लाकडी स्टूल. कोठीचं झाकण रुंद आणि सपाट. त्यानं झाकण उचललं, उजेडाकडे धरलं आणि थांबला. पत्र्यावर निळे-काळे डाग होते, आणि कडेचा रंग मनगट घासून घासून पार उडाला होता. या घरात तो पंधरा वर्षं राहिला होता.

“हे डाग कायचे आहेत, बेबी?” त्यानं विचारलं. “घासून निघत नाहीत काय?”

“शाईचे,” मी म्हटलं. “साही पुस्तकं तिनं इथं लिहिली.”

तो झाकण हातात धरून उभा राहिला. मग ते कोठीवर ठेवून, तांदूळ न काढताच बाहेर निघून गेला. घासून ते निघत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सत्काराच्या आदल्या दिवशी, घरी पाहुणे येणार म्हणून, राख आणि लिंबू घेऊन मी ते तासभर घासले होते.